आयएसएलचा नवीन सीझन सुरू व्हायच्या आधी टीम कशा समजून घ्यायच्या: पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

नवीन सीझनची तारीख लागली की ओळखीतल्या लोकांचे मेसेज यायला लागतात, यावेळी आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग) नीट बघायचंय पण एवढ्या टीम, प्रत्येकीत पंचवीस-तीस प्लेअर, निम्मी नावं तर उच्चारताच येत नाहीत, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

मी पुण्याचा. २०१४ पासून बालेवाडीला आमची एफसी पुणे सिटी खेळायची, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेलो होतो, मार्सेलिन्हो आणि अल्फारो गोल करत होते आणि स्टँडमध्ये सगळीकडे केशरी जर्सी. २०१९ मध्ये क्लब बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली. घरची टीमच राहिली नाही तर बघायचं कुणासाठी, हे मला खूप दिवस कळत नव्हतं. मग एक दोनशे पानी वही आणली आणि सगळ्याच टीमचा हिशोब ठेवायला लागलो. सीझनच्या आधी दोन आठवडे रोज अर्धा तास, एवढंच लागतं. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

उदाहरणासाठी २०२४-२५ चा सीझन घेतलाय, कारण तो पूर्ण झालेला आहे. म्हणजे १३ सप्टेंबर २०२४ ला पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी आपल्याला काय काय दिसू शकत होतं आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रत्यक्ष काय झालं, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. पद्धत एकदा हातात बसली की कुठल्याही सीझनला तीच वापरा.

स्टेप १: आधी स्पर्धा कशी आहे ते बघा, टीम नंतर

हे सगळे सोडून देतात आणि मग मार्चमध्ये गोंधळतात. २०२४-२५ ला आयएसएलमध्ये दोन बक्षिसं होती, शील्ड आणि कप. सगळ्या मॅच संपल्यावर टेबलमध्ये जो पहिला त्याला शील्ड. मग वरचे सहा प्लेऑफला जायचे, त्यातले पहिले दोन थेट सेमीफायनलला, बाकीच्या चारांत एकेक मॅच, जिंकणारे दोघे सेमीफायनलला, आणि फायनल जिंकणाऱ्याला कप. २०२३-२४ ला शील्ड मोहन बागानने घेतली आणि कप त्यांच्याच ग्राउंडवर ३-१ ने हरवून मुंबई सिटीने उचलला, म्हणजे एका वर्षात दोन वेगळे विजेते. माझ्या मते शील्ड जास्त मोठी, कारण ती अख्ख्या सीझनची कमाई आहे, पण याच्यावरून आमच्या ग्रुपवर दर वर्षी भांडण होतं.

२०२४-२५ ला १३ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या २४ मॅच. हा आकडा दर वर्षी तपासून घ्याच. २०२५ च्या जुलैमध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, पुढचं ठरत नव्हतं, म्हणून पुढचा सीझनच होल्डवर गेला आणि क्लबांनी सराव थांबवले. तेव्हा मॅच किती, होम किती, प्लेऑफ आहे का, हे अधिकृत वेबसाइटवर वाचल्याशिवाय वहीचं पहिलं पान लिहू नका. मॅच कमी असतील तर सुरुवात खराब झालेल्या टीमला सावरायला वेळच मिळत नाही, आणि मग सगळे अंदाज बदलतात.

खालच्या लीगमध्ये उतरायची भीती २०२४-२५ ला नव्हती, शेवटी आलेली टीमही लीगमध्येच राहिली. त्यामुळे जानेवारीनंतर तळातल्या काही टीम नुसत्या पोरांना खेळवून बघतात, हेही ध्यानात असू द्या.

स्टेप २: प्रत्येक टीमला एक पान, डावीकडे गेले, उजवीकडे आले

वाण्याच्या वहीत जमा आणि नावे असतं ना, अगदी तसंच. पानावर मध्ये उभी रेघ मारायची. डावीकडे मागच्या सीझनमध्ये जे नेहमी खेळत होते आणि आता नाहीयेत ते. उजवीकडे नवीन आलेले. बेंचवर बसणाऱ्यांची नावं लिहायचीच नाहीत, नाहीतर पान भरतं आणि कळत काहीच नाही.

माझ्या वहीतलं सप्टेंबर २०२४ चं मुंबई सिटीचं पान असं होतं. डावीकडे: राहुल भेके (बंगळुरूला), अल्बर्टो नोगेरा (बंगळुरूला), जॉर्ज पेरेरा डियाझ (बंगळुरूला), अपुइया (मोहन बागानला). उजवीकडे: योएल व्हॅन निफ, जॉन टोरल, निकोस कॅरेलिस, थाएर क्रुमा, आणि गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस.

आता हे पान नुसतं बघू नका, वाचा. भेके आपला मुंबईचाच, चार महिन्यांपूर्वी कॅप्टन म्हणून कप उचललेला माणूस. पेरेरा डियाझने त्याच फायनलमध्ये बरोबरीचा गोल मारला होता. अपुइया मिडफिल्डचं इंजिन. म्हणजे चॅम्पियन टीममधून डिफेन्स, मिडफिल्ड आणि अटॅक तिन्हीकडचा एकेक खांब काढून घेतलेला. उजवीकडची नावं चांगलीच होती, पण त्यातल्या परदेशी खेळाडूंपैकी कुणी भारतात पूर्वी खेळलेलं नव्हतं, आणि इथली दमट हवा आणि विमानांचे प्रवास अंगवळणी पडायला दोन-तीन महिने सहज जातात. मी पानाखाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'टॉप सहामध्ये येतील, पण गोल कोण करणार?' शेवटी ते सहावे आले आणि प्लेऑफमध्ये बंगळुरूकडून ५-० ने हरले. ती मॅच मला अजून बघवत नाही, मनापासून सांगतो.

आणि इथेच एका पानाची दुसऱ्या पानाशी गाठ घालायची. मुंबईच्या डाव्या कॉलममधली तीन नावं बंगळुरूच्या उजव्या कॉलममध्ये गेलेली दिसतात. बंगळुरू त्याच्या आदल्या वर्षी दहावी आलेली, म्हणून बहुतेक लोकांनी त्यांना हिशोबातच धरलं नव्हतं. पण चॅम्पियन टीमचे तीन माणसं, एकमेकांची सवय असलेले, एकाच वेळी एकाच ठिकाणी गेले तर तिथे काहीतरी होणार हे वहीत स्पष्ट दिसत होतं. बंगळुरू तिसरी आली, फायनलला गेली. बातम्यांमध्ये ट्रान्सफर एकेक करून येतात त्यामुळे हे चित्र लक्षात येत नाही, कागदावर एकत्र लिहिलं की लगेच दिसतं.

स्टेप ३: सात भारतीय मोजा (ही सगळ्यात महत्त्वाची)

बाकी काही केलं नाही तरी चालेल पण एवढं कराच. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी प्लेअर उतरू शकतात. २०२१-२२ च्या आधी ते पाच होते. म्हणजे अकरापैकी निदान सात भारतीय, प्रत्येक मॅचला, प्रत्येक टीममध्ये. तरी जून-जुलैमध्ये सगळी चर्चा कुणाची तर परदेशी स्ट्रायकरची, तो पूर्वी कुठे खेळला, त्याचे व्हिडिओ, एअरपोर्टवर हार. मी पण ते व्हिडिओ आवडीने बघतो. पण परदेशी चार साधारण सगळ्याच श्रीमंत क्लबांकडे चांगले असतात, फरक पडतो तो सात जणांत, आणि त्यातही खास करून सेंट्रल मिडफिल्ड आणि सेंटर बॅक (मधला डिफेंडर) या जागांवर, कारण तिथे दर्जेदार भारतीय प्लेअर देशातच मोजके आहेत. असा एक माणूस एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला की एकाचं वाढतं आणि दुसऱ्याचं तेवढंच कमी होतं.

कसं करायचं ते सांगतो. प्रत्येक टीमच्या पानावर खाली सात रिकाम्या ओळी सोडा. गोलकीपर जवळपास सगळीकडे भारतीयच असतो, ती पहिली ओळ. मग दोन फुलबॅक (कडेचे डिफेंडर), एक सेंटर बॅक, दोन मिडफिल्डर, एक विंगर. नावं भरत जा. ज्या टीमच्या सातही ओळी न अडखळता भरल्या ती टीम वरच्या सहात धरा. जिथे चौथ्या-पाचव्या ओळीलाच 'बहुतेक हा खेळेल' असं लिहावं लागतं, तिथे परदेशी कितीही भारी असू देत, सावध राहा.

मोहन बागानचं पान बघा. गोलमध्ये विशाल कैथ, डिफेन्समध्ये कॅप्टन सुभाशिष बोस, मिडफिल्डला अपुइया, अनिरुद्ध थापा, सहल अब्दुल समद, दोन्ही विंगला मनवीर सिंग आणि आपल्या गोव्याचा लिस्टन कोलासो. सात ओळी भरून वर माणसं उरतात! अशी टीम लीगमध्ये दुसरी नव्हती. लोक जेमी मॅकलारेनबद्दल बोलत होते, ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये आजवर सगळ्यात जास्त गोल केलेला स्ट्रायकर येतोय म्हणून, आणि ते बरोबरच होतं, पण माझ्या मते त्या सीझनची सगळ्यात मोठी ट्रान्सफर अपुइयाची होती.

७ एप्रिल २०२५, कोलकात्यात सेमीफायनलची दुसरी मॅच. जमशेदपूरने पहिली २-१ जिंकलेली. बागान १-० पुढे, म्हणजे दोन्ही मिळून बरोबरी, ९० मिनिटं संपलेली, सगळे एक्स्ट्रा टाइमच्या तयारीत. आणि इंज्युरी टाइमच्या चौथ्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून अपुइयाने शॉट मारला तो थेट जाळीत, फायनल पक्की. मी घरी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो, मुंबईच्या पानावर डावीकडे लिहिलेलं ते नाव डोळ्यासमोर आलं. पुढे १२ एप्रिलला बंगळुरूला २-१ हरवून बागानने कप पण घेतला, शील्ड आधीच होती, ५६ पॉइंट, लीगमध्ये पहिल्यांदा कुणीतरी पन्नाशी ओलांडली.

भारतीय प्लेअरमध्ये वय बघताना मात्र एक चूक होते, ती करू नका. बंगळुरूच्या सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये देशाकडून निवृत्ती घेतली होती, चाळिशी गाठलेली, म्हणून लोकांनी त्याला फक्त मान द्यायचा म्हणून यादीत ठेवलं. त्याने त्या सीझनला १४ गोल केले, भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त. आणि दुसऱ्या टोकाला गोव्याचा ब्रिसन फर्नांडिस, आधीच्या सीझनला थोडी थोडी मिनिटं मिळालेला पोरगा, याला त्या वर्षी उगवत्या खेळाडूचं बक्षीस मिळालं. असे पोरगे शोधायचे असतील तर मागच्या सीझनच्या शेवटच्या सहा-सात मॅच बघा, कोच कुणाला शेवटची वीस मिनिटं उतरवत होता ते लिहून घ्या. पुढच्या वर्षी सुरुवातीपासून उतरणारी नावं बऱ्याचदा त्यातच सापडतात.

स्टेप ४: गोल करणारे मागे, गोल न खाणारे पुढे

नवीन माणूस टीम बघताना स्ट्रायकरपासून सुरू करतो, साहजिक आहे. तुम्ही उलटं करा, गोलकीपरपासून सुरू करा. गोलकीपर, दोन सेंटर बॅक, समोरचा एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, हा टीमचा कणा. हे चार जण मागच्या वर्षीचेच आहेत का? सगळे बदलले असतील तर पहिल्या महिन्यात गोल खाणार, हे जवळपास ठरलेलं.

याला एक अपवाद बागाननेच दाखवला. त्यांनी टॉम अल्ड्रेड आणि अल्बर्टो रोड्रिगेझ हे दोन्ही परदेशी सेंटर बॅक नवीन आणले, कोचही नवीन, होजे मोलिना. पहिल्याच मॅचला मुंबईविरुद्ध २-० पुढे असून २-२ झाली, मग २८ सप्टेंबरला बंगळुरूकडून ०-३ मार खाल्ला. तेव्हा कोलकात्यात किती आरडाओरडा झाला असेल विचार करा. पण मागे कैथ आणि बोस जुनेच होते, त्यामुळे एकदा जमलं ते जमलं, सीझन संपला तेव्हा कैथच्या नावावर १५ क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच. आणि बोस डिफेंडर असून सहा गोल.

ईस्ट बंगालचं पान याच्या बरोब्बर उलटं. उजव्या कॉलममध्ये कसली नावं होती! दिमित्रिओस डायमंटाकोस, आदल्या वर्षी केरळकडून १३ गोल करून गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस) घेतलेला. मादिह तलाल. आणि डिफेंडर अन्वर अलीची ती गाजलेली ट्रान्सफर. जानेवारीत सुपर कप पण जिंकलेला. कागदावर बघून मी त्यांना वरच्या सहात लिहिलं. सलग सहा मॅच हरले, पहिल्या तीन हरल्यावर कोच कार्लेस कुआद्रातने राजीनामा दिला, शेवटी नववे. कागदावरची नावं मोठी होती, पण कणा कच्चा राहिला. तेव्हापासून मी पानावर आधी कणा लिहितो, मग बाकीचं.

स्टेप ५: कोच कधी आलाय ते बघा

कोचचं नाव किती मोठं आहे यापेक्षा त्याला ही टीम घेऊन पूर्ण प्रीसीझन (सीझनच्या आधीची तयारी) मिळाला का हे महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीत मध्येच आलेला कोच दुसऱ्याने निवडलेल्या प्लेअरबरोबर काम करत असतो. त्याचं खरं रूप पुढच्या सीझनला दिसतं. खालिद जमील २०२३-२४ च्या मध्यात जमशेदपूरला आला, टीम अकरावी आली. पुढच्या वर्षी स्वतःच्या पद्धतीने तयारी करून घेतली आणि पाचवा नंबर, प्लेऑफमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांच्याच भागात शिलाँगला जाऊन २-० हरवलं, सेमीफायनल. बंगळुरूच्या झारागोझाचंही तसंच, तोही मध्येच आलेला.

खालिदभाईंबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. मुंबईत वाढलेलं फुटबॉल, महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, मुंबई एफसीचे कोच, २०१६-१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग (तेव्हाची आयएसएलखेरीजची दुसरी राष्ट्रीय लीग) जिंकून दिली. त्यांच्या टीम दिसायला साध्या असतात, बॉल जास्त वेळ ठेवत नाहीत, पण शेवटची वीस मिनिटं त्यांच्याविरुद्ध खेळणं फार कठीण. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते देशाचे कोच झाले याचा खूप आनंद झाला.

स्टेप ६: ड्युरँड कप चुकवू नका

लीगच्या आधी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ड्युरँड कप नावाची वेगळी जुनी स्पर्धा असते. बरेच क्लब तिथे अर्धी टीम पाठवतात म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मी म्हणतो निदान सेमीफायनल आणि फायनल बघा. ३१ ऑगस्ट २०२४, कोलकात्यात फायनल, मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेड. हाफटाइमला बागान २-० पुढे, स्टेडियम बागानच्या लोकांनी भरलेलं. दुसऱ्या हाफमध्ये तीन-चार मिनिटांच्या आत नॉर्थईस्टचे दोन गोल, पहिला अलाएद्दीन अजराई नावाच्या मोरोक्कोच्या नवीन प्लेअरचा, दुसरा गिलेर्मोचा. पेनल्टीवर गेलं, गोलकीपर गुरमीत सिंगने दोन अडवल्या, आणि नॉर्थईस्टला क्लबच्या इतिहासातली पहिली ट्रॉफी. लीग सुरू व्हायला दोन आठवडे होते. अजराईने पुढे लीगमध्ये २३ गोल केले, एका सीझनचा आधीचा विक्रम १८ चा होता. टीम चौथी आली. ज्याने ती एक मॅच लक्ष देऊन बघितली त्याला बाकीच्यांच्या आधी कळलं होतं.

स्टेप ७: बाकीच्या टीमची भराभर ओळख

वर ज्यांच्याबद्दल बोललो ते सोडून. एफसी गोवा म्हणजे फातोर्डा स्टेडियम, मडगाव. मराठी माणसाला टीम निवडायची असेल आणि मुंबई नको असेल तर मी डोळे झाकून गोवा सांगतो. २०१९-२० ची पहिलीवहिली शील्ड यांची. त्याच्याही आधी धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी देशाची लीग कितीतरी वेळा जिंकलीय, एकट्या धेंपोची पाच विजेतेपदं, त्यामुळे तिथला प्रेक्षक जाणकार आहे, चांगल्या पासला टाळ्या वाजवतो. २०२४ ला त्यांच्याकडून नोआह सदाओई केरळला आणि ब्रँडन मुंबईला गेला, पहिलीच मॅच घरी जमशेदपूरकडून १-२ हरले, पण मानोलो मार्केझ कोच होते आणि टीमला त्यांची पद्धत पाठ होती, शेवटी दुसरा नंबर.

केरळ ब्लास्टर्स, कोची. तीन फायनल हरलेत, २०१४, २०१६, २०२१-२२, तरी मंजप्पडा नावाच्या फॅन ग्रुपचे पिवळ्या जर्सीवाले लोक येतच राहतात. टीव्हीवर पहिली मॅच बघायची असेल तर कोचीची बघा, आवाजानेच अंगावर काटा येतो. २०२४-२५ ला आठवे. ओडिशा भुवनेश्वरची, पूर्वीची दिल्ली डायनामोज, तेव्हा कोच सर्जिओ लोबेरा, यांना मी पहिल्या चारात धरलं होतं आणि सातवे आले. चेन्नईन दोनदा चॅम्पियन, २०१५ आणि २०१७-१८. पंजाब खालची आय-लीग जिंकून वर आलेली पहिली टीम, २०२४-२५ ला घरच्या मॅच दिल्लीत खेळली. मोहम्मेडन १८९१ चा क्लब, २०२३-२४ ची आय-लीग जिंकून वर आला, पहिल्या वर्षी शेवटचा नंबर, पण कोलकात्याचे तिन्ही जुने क्लब एका लीगमध्ये बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट. हैदराबाद २०२१-२२ ची चॅम्पियन, नंतर पैशाची अडचण, २०२४-२५ च्या सीझनच्या तोंडावर नवीन मालक आले. ज्या टीमचा मालक ऑगस्टमध्ये बदलतो तिला तळातच धरायचं, बाकी काही बघायची गरज नाही. आम्हा पुणेकरांना त्या टीमबद्दल काय वाटतं ते वेगळं, पण त्या चॅम्पियन टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि त्याच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या होत्या.

कोल्हापूरवाल्यांनो, तुम्हाला यातलं निम्मं सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघत मोठं झालेल्या माणसाला पेठेतल्या टीमचा कोण कुठे गेला हे तोंडपाठ असतं, तेच डोकं इथे वापरा.

स्टेप ८: एकदा तरी ग्राउंडवर जा

टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे टीमचा आकार कळत नाही. मुंबई सिटीचं अंधेरीचं ग्राउंड छोटं आहे, मेट्रोच्या आझाद नगर स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि प्रेक्षक मैदानाच्या इतके जवळ की गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतोय तेही ऐकू येतं. वॉर्मअपच्या आधी जाऊन बसा. कुठले चार डिफेंडर एकत्र सराव करतायत, फ्री किक कोण मारून बघतोय, बेंचवरचे पोरगे हसतखेळत आहेत की गप्प उभे आहेत, हे सगळं तिथे दिसतं. नंतर मॅचमध्ये बॉल समोरच्या टोकाला असताना आपली नजर मुद्दाम मागच्या दोन सेंटर बॅकवर ठेवा, ते पुढे सरकतात की जागेवर उभे राहतात. पाच मिनिटं केलं तरी त्या कोचबद्दल खूप समजतं.

फिक्स्चर म्हणजे मॅचचं वेळापत्रक बघताना फक्त पहिल्या सहा मॅच बघा, त्यात घरच्या किती, बाहेरच्या किती, गुवाहाटी किंवा कोचीसारखे लांबचे प्रवास तीन-चार दिवसांच्या अंतराने आलेत का. त्यापुढचं सप्टेंबरात बघून उपयोग नाही.

स्टेप ९: नंबर देऊ नका, गट पाडा

पहिला ते तेरावा अशी यादी करायचा मोह होतो, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. तीन गट करा. नक्की प्लेऑफ, अडकलेले मधले, आणि तळ. प्रत्येक टीमपुढे एकच वाक्य, की हे का. ते वाक्य पेनाने लिहा, गट पेन्सिलने. मी २०२४ ला पहिल्या गटात बागान, गोवा, मुंबई, ओडिशा, ईस्ट बंगाल आणि बंगळुरू लिहिलं होतं. चार बरोबर. नॉर्थईस्टला ड्युरँड बघूनसुद्धा मधल्या गटात ठेवलं, कारण अजराईला दुखापत झाली तर दुसरं कोण, असं वाक्य लिहिलं होतं. त्याला दुखापत झालीच नाही. जमशेदपूरच्या वेळी सात ओळी भरताना अडखळलो आणि खालिदभाईंना पूर्ण प्रीसीझन मिळालाय ही गोष्ट कमी धरली.

प्रत्येक टीमच्या सहा मॅच झाल्या की पुन्हा वही उघडा, वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि त्या सात ओळी परत तपासा. प्रत्यक्षात कोण खेळतंय ते शेजारी लिहा. जिथे दोनपेक्षा जास्त नावं बदललीयत तिथे कोच अजून शोधतोय, ती टीम जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोमध्ये नक्की काहीतरी करणार, तिच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. आणि एखाद्या टीमच्या सातही ओळी सहाव्या मॅचनंतर जशाच्या तशा असतील, तर तिची पुढची मॅच काहीही झालं तरी चुकवू नका.